साफ भरलेली कॅसेट

हेमराज, "थांब बे, गाडी लावतो आन् मंग फोन करतो," असं तू म्हणालास.

मी थांबलो. चहा आला, चहा संपला. एक जण बोंडअळीचं औषध विचारायला आला, घेऊन गेला. तुझा फोन आला नाही, आणि मला बरं वाटलं. हे वाक्य मी आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढं ढकलत राहीन. मला ती सवय आहे, हे तुझ्याएवढं कोणाला माहीत असणार? तुझा फोन आला नाही म्हणून मला बरं वाटलं.

तू तेव्हा वर्ध्यात, सिंदी मेघेत, घराच्या गल्लीच्या तोंडाशी, सुरू गाडीत स्टिअरिंगवर डोकं टेकवून होतास. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, मास्तरांना डुलकी लागली. इंजिन सुरूच आहे, हे एका भाजीवालीच्या लक्षात आलं. तिनं काच वाजवली.

मग फोन आला. तुझ्याच नंबरवरून, स्क्रीनवर तुझंच नाव. मी उचलला आणि म्हणालो, "लागली का बे गाडी?"

पलीकडे प्रज्ञा होती.

तुझ्या लेकीला मी हे विचारलं, हेमराज. त्यानंतर ती काय बोलली ते मला आठवत नाही. मी दुकानाचं शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि आत पंखा सुरू राहिला हे संध्याकाळी शेजारच्या चक्कीवाल्यानं फोन करून सांगितलं. तळेगावहून वर्ध्यापर्यंतचा रस्ता मी गाडी चालवत आलो असं तुझी शोभावहिनी सांगते. ती शेजारी बसली होती, म्हणून खरं मानायचं.

मला अजून ते पटलेलं नाही. तू पन्नाशी ओलांडलेला, शुगर नाही, बीपी नाही, रोज सकाळी मैदानाला चकरा मारणारा. मला टोमणे मारायचास, "सुद्या, तू लवकर जाशील. दिवसभर खताच्या पोत्यावर पोत्यासारखा बसून राह्यते." मी बसलोच आहे. तू काय केलंस हे?

*

आपण कशावरून भांडत होतो हे कोणाला सांगितलं तर लोक हसतील. तुझ्या त्या जुन्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला दुसरं गाणं कोणतं होतं यावरून. तू म्हणत होतास, रडकं गाणं. मी म्हणत होतो, नाही, ते घोड्यावरून जातात ते. तू म्हणालास, "तुले काय आठवते बे, तू तं तोंडात मूग घेऊन कोपऱ्यात बसलेला राहे." मग तू मूळ विषयावर आलास. नागपूरचा कोणी माणूस तुला कळला होता, बुरशी लागलेल्या, फीत तुटलेल्या कॅसेटमधूनही आवाज काढून मोबाइलमध्ये घालून देतो म्हणे.

"तू फक्त कॅसेट शोध. नाई तं असं कर, रविवारी मीच येतो. दोघं मिळून माळा उपसू. वहिनीले सांगजो, पाटोडीची भाजी पाह्यजे."

मी दरवेळेसारखाच जरा चिडून म्हणालो, "अबे कायले पाह्यजे आता तुले ते? सगळी गाणी मोबाइलवर आहे ना."

तू म्हणालास, "गाणी कोणाले पाह्यजे बे?"

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. मग तू म्हणालास, थांब.

*

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत, त्यांना वाटेल हे काय खूळ. म्हणून तुला माहीत असलेलंच परत सांगतो.

आपल्या ओळीत पहिला टीव्ही तुझ्या घरी आला, कारण तुझे बाबा विजेच्या खात्यात लाइनमन होते. सरकत्या दारांचा, पायावर उभा राहणारा टीव्ही. छपरावर अँटेना बांधायला त्यांनी खात्याचीच तार वापरली असं सगळा गाव म्हणायचा. गाण्यांचा कार्यक्रम असला की तुमची बैठक भरून अंगणात माणसं. आणि ऐन वेळी लाइन गेली की सगळ्यांची तोंडं बाबांकडे.

"भाऊ, लाइन गेली!"

"मले दिसून राह्यलं ना. मी का आंधळा आहो?"

"मंग जा ना खांबावर."

"खांबावर गेल्यावर मले गाणे कोण दाखवते, तुहा बाप?"

वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग कोणीतरी वर चढून अँटेना फिरवायची, आणि खिडकीत उभ्या असलेल्यानं ओरडायचं: आलं, आलं, गेलं, आलं, हलू नको! मला वर चढायला आवडायचं. वर बोलावं लागत नसे.

तुला मात्र गाणी पाहून भागत नव्हतं. तुला ती धरून ठेवायची होती. तुझ्या मामानं दिलेला टेपरेकॉर्डर तू पालथ्या डब्यावर ठेवायचास, टीव्हीच्या जाळीला चिकटवून. लाल बटण आणि शेजारचं बटण एकदम दाबायचं आणि तोंडावर बोट ठेवून सगळ्यांकडे डोळे वटारून पाहायचं. वायर लावून आत आवाज घेता येतो हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळं तुझ्या कॅसेटमध्ये गाणी होती तशी बैठकही होती. कोणाचा खोकला, लहान पोराची किरकिर, बाबांचं तंबाखू चोळून टाळी मारणं. 'कॅसेट भरली' असं आपण म्हणायचो. खरंच भरलेली असायची.

आणि एका गाण्यात तुझी माय होती. मी तिला मावशी म्हणायचो. पडद्यावर नायिका सगळं गमावून बसलेली, सारंगी सुरू, अंगणातल्या बाया पदर डोळ्याला लावून बसलेल्या, आणि मागच्या दारातून मावशीचा आवाज: "हेम्याऽऽ! धाव रे! बकरीनं तुह्या बापाचा पायजामा धरलाऽ!"

त्यानंतर तुझं, दबक्या आवाजात, "माय, गप ना!" आणि मावशीचं, जवळ येत, "गप काऊन? उद्या ड्युटीवर काय घालून जाईन थो?" मग सगळी बैठक हसली. नायिका रडत राहिली.

ती कॅसेट आपण किती वेळा ऐकली असेल! शेजारच्या गावच्या पोरांनाही ते गाणं तसंच पाठ झालं होतं. कडवं संपलं की सगळे एका सुरात बकरीवर यायचे. तू त्या कॅसेटच्या पाठीवरचे ते प्लास्टिकचे दोन बारके तुकडे मोडून टाकले होतेस, म्हणजे तिच्यावर कोणी चुकूनही दुसरं काही भरू नये. बाकी कुठल्याच कॅसेटचे तू मोडले नव्हतेस. हे मला तेव्हाही माहीत होतं. याचा अर्थ काय, एवढंच मला कळलं नाही.

त्या हसण्यात सगळे आहेत, मी नाही. मी आवाज न करता हसायचो. तू म्हणायचास, "मौनीबाबा, तू होता का नाई तिथं, याचा काही सबूत नाई."

*

तू माझ्यासाठी बोललास. आयुष्यभर बोललास. शाळेत माझा नंबर आला की गुरुजींना सांगायचं, याचा घसा बसला आहे. मुलगी पाहायला गेलो तेव्हा माझी कमाई, माझी शेती, माझे विचार, सगळं तूच सांगितलंस. माझे विचार काय आहेत ते मला तिथंच कळले. साक्षगंधानंतर शोभाला काहीतरी द्यायला हवं म्हणून तू कॅसेट भरलीस, आणि दोन गाण्यांच्या मधे रेडिओवाल्यासारखं बोललास: "आणि हे पुढचं गाणं, सिंदूर लावण्याआधीच जिनं झोप उडवली तिच्यासाठी." माझ्या नावानं.

लग्नानंतर शोभानं विचारलं होतं, "त्या कॅसेटमधला आवाज कोणाचा होता? तुमचा तं नाई."

मी म्हणालो, "टेप जुना होता."

लग्नाआधी माझ्या बायकोनं माझा म्हणून तुझाच आवाज ऐकला, हेमराज. पुढं तिला कळलं, ती हसली, तुला भाऊजी म्हणत चिडवत राहिली: "झोप उडवणारे आले, चहा ठेवते." पण बघ, तुझ्या माझ्यातला फरक. तू माझ्यासाठी जे केलंस ते उघडं पडलं तेव्हा सगळे हसले. मी तुझ्यासाठी जे केलं ते मी उघडं पडू दिलं नाही.

आता सांगतो.

तुला गडचिरोलीकडे आश्रमशाळेत नोकरी लागली, तू गेलास, आणि जाताना ती कॅसेट माझ्याकडे ठेवून गेलास. "सांभाळजो. तिकडं दमट आहे, फीत चिकटन." मला तुला काहीतरी द्यायचं होतं. पहिल्या नोकरीचं. मला बोलता येत नाही, म्हणून वस्तूच द्यायची होती, आणि ती अशी की तू हरखून जावं. वर्ध्याला तेव्हा गाणी भरून देणारी दुकानं झाली होती. काचेमागे मोठमोठी मशिनं, भिंतभर मूळ तबकड्या. तिथं पहिल्यांदा मी गाणं साफ ऐकलं. खोकला नाही, मुंग्यांचा खरखराट नाही. नायिकेचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, हेमराजनं ही गाणी कधी अशी ऐकलीच नाहीत. बिचारा.

मी तीच सगळी गाणी, त्याच क्रमानं, सांगितली. नवीन कॅसेटवर नाही. तुझ्याच कॅसेटवर. वरची चिठ्ठी तुझ्या अक्षरातली, डबी तीच, आणि आत गाणी नवी कोरी. तू लावशील आणि चक्रावशील, ही माझी कल्पना होती. मला फार हुशारीची वाटली होती.

दुकानदारानं कॅसेट उलटी करून पाहिली. "मागचे तुकडे मोडले आहे. कोणाची आहे?"

"मित्राची."

"वरून भरलं की जुनं पुसन बरं. पुसू ना?"

"पुसा. खरखर लय आहे त्यात."

"मंग सेलोटेप लावा लागन." त्यानं पट्टी फाडून माझ्याकडे दिली, तो दुसरं गिऱ्हाईक पाहत होता. त्या दोन भोकांवर पट्टी मी लावली. बोटानं घासून पक्की केली. तू जे दार बंद करून ठेवलं होतंस ते मी स्वतः उघडलं, आणि खूश होतो.

बकरी मला आठवली नाही का? आठवली. हे मी स्वतःशीही आजवर कबूल केलं नव्हतं. मला आठवली, आणि मला वाटलं, ते काय, मावशी रोजच ओरडते.

*

तू दिवाळीत येणार होतास, तेव्हा द्यायचं ठरवलं होतं. त्याआधीच मावशी गेली. तापाचं निमित्त, दोन दिवसांत. तू रात्रभराचा प्रवास करून आलास, अंगावर शाळेतलाच शर्ट, आणि भिंतीला टेकून बसलास. मी तुझ्यासमोर बसलो. तू येणार म्हणून मी ती कॅसेट शर्टाच्या खिशात घालून आणली होती. तू येणार, म्हणजे द्यायची. एवढंच डोक्यात होतं. असं डोकं होतं ते.

मग एकदम तुझा चेहरा बदलला. कुठूनतरी काहीतरी हाती लागावं तसा.

"सुद्या. ती कॅसेट आण ना बे. मायचा आवाज आहे त्यात."

माझा हात खिशावर गेला. डबीचा कोपरा हाताला लागला. तिथं, त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की मी काय पुसलं आहे. दुकानात नाही, घरी नाही. तुझ्या तोंडून 'आवाज' हा शब्द आला तेव्हा.

मी म्हणालो, "घरी आहे. पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी म्हणालो, "सापडून नाई राह्यली."

तू म्हणालास, "सापडन. जाते कुठं?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवलास. त्या दिवशी तू माझं सांत्वन केलंस, हेमराज.

तेव्हा सांगितलं असतं तर तू रडला असतास, मला आयमायवरून शिव्या दिल्या असत्या, महिनाभर बोलला नसतास. एवढंच. पण मी ठरवलं की आत्ता नको, तो दुःखात आहे, मग सांगू. मग तुझं लग्न आलं. मग नको. मग प्रज्ञा झाली. आनंदाच्या वेळी कशाला. मग बाबा गेले, तेव्हा तर शक्यच नव्हतं. बोलायला योग्य वेळ कधी आलीच नाही, आणि दरम्यान ते वाक्य, सापडून नाई राह्यली, आपल्या घरच्या माणसासारखं आपल्यात राहू लागलं.

तू कधी संशय घेतला नाहीस. ते सगळ्यात जड होतं. तू गमतीवर नेलंस. घरी आलास की चप्पल काढता काढता, "वहिनी, सफाई झाली का? माही माय सापडली का?" आणि शोभा, बिचारी, दर दिवाळीला माळा उपसायची तेव्हा खरंच शोधायची. जुन्या गोधड्या झटकून पाहायची. पोरांच्या दप्तरांत हात घालायची. मला म्हणायची, "तुम्हीच कुठंतरी ठेवली असन, आन् आता आठवून नाई राह्यलं." मी खाली उभा राहून तिचं स्टूल धरायचो. दोनदा तर तूच चढलास. तेव्हाही मीच धरलं होतं.

कॅसेट दुकानात होती. गल्ल्याच्या मागच्या कप्प्यात, जुन्या शिक्क्यांखाली. मी ती कधी लावून पाहिली नाही, फेकलीही नाही.

मागच्या हिवाळ्यात आपण सगळे गिरडला गेलो, दर्ग्याच्या टेकडीवर. आठवतं ना? जाताना तुझ्या गाडीत पेनड्राइव्हवर तेच गाणं लागलं. शोभा आणि वंदनावहिनी मागं गप्पांत होत्या. कडवं संपलं. तू स्टिअरिंगवरचं बोट वर करून थांबलास, मीही श्वास धरला, आणि गाणं सरळ पुढं निघून गेलं.

"लय साफ आहे बे हे," तू म्हणालास. "बकरी कुठं आहे?"

सगळे हसले. मी खिडकीतून कापूस पाहत होतो. वर पायऱ्यांवर आपण दोघंच मागं राहिलो, तुला दम लागला होता, आता वाटतं ते तेव्हाच कळायला हवं होतं. तू बसलास. मी तुझ्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "हेमराज, तुले एक सांगायचं होतं."

तू म्हणालास, "सांग ना." आणि माझ्याकडे असं पाहिलंस, इतक्या कुतूहलानं, जणू देवळातली मूर्ती बोलणार आहे.

मी म्हणालो, "गुडघे दुखते माहे."

*

तुझ्या जलदान विधीला मी आलो. बुद्धवंदना झाली, मग माइकवरून नावं घेत होते, आदरांजलीचे दोन शब्द बोलायला. तुझे विद्यार्थी बोलले. एक जण रडून खाली बसला. मग माझं नाव घेतलं, "सरांचे बालमित्र." मी उठलो, माइक हातात घेतला. समोर तुझा तो निळ्या शर्टातला फोटो. मी म्हणालो, "हेमराज चांगला माणूस होता." आणि बसलो. तुला किती हसू आलं असतं. माझे दोन शब्दही तूच बोलायला हवे होतेस.

जेवणं सुरू झाली तेव्हा प्रज्ञा माझ्याकडे आली. मला हात धरून मागच्या अंगणात नेलं. तिच्या हातात तुझा फोन होता.

"काका, बाबांचा शेवटचा फोन तुम्हाले आहे. बरंच बोलले तुम्ही. काय म्हणत होते ते?"

तिला तेवढंच हवं होतं. बापाची शेवटची वाक्यं. माझ्याशिवाय ती कोणाकडेच नव्हती, आणि ती द्यायची तर मागचं सगळं द्यावं लागणार होतं. मी एक क्षण, तुझ्यापासून लपवत नाही, एक क्षण विचार केला की सांगावं, असंच, हवापाण्याचं बोलत होता. तोंड उघडलंही होतं. पण मग ती तेच वाक्य जन्मभर सांगत राहिली असती, आपल्या पोरांना सुद्धा. अजून एक माणूस मी माळ्यावर चढवला असता.

मी खिशातून कॅसेट काढली. सकाळी निघताना घेतली होती. का घेतली ते तेव्हा माहीत नव्हतं.

सगळं सांगितलं. दुकान, पट्टी, भिंतीला टेकून बसलेला तू. न अडखळता सांगितलं, माझं मलाच नवल वाटलं. प्रज्ञानं कॅसेट उलटी केली. त्या दोन भोकांवर पट्टी अजून होती, पिवळी पडलेली.

"हे तुम्ही लावलं?"

"हो."

"आन् बाबा रविवारी येणार होते. माळा उपसायले."

"हो."

"तुम्ही खालून स्टूल धरलं असतं."

मी म्हणालो, "हो. धरलं असतं."

आत कोणीतरी वरण मागत होतं. मग ती म्हणाली, अगदी हळू, "पण काऊन काका? बाबाले कोण भेते?"

तुला कोणी घाबरत नसे. तुझे विद्यार्थी नाही, गल्लीतली कुत्री नाही. आख्ख्या जगात मी एकटा माणूस, हेमराज, जो तुला घाबरत जगला. तू काय करशील म्हणून नाही. तू माफ करशील म्हणून. तू दोन मिनिटांत माफ केलं असतंस, पाठीवर हात ठेवला असतास, आणि मग मला त्या माफीखाली राहावं लागलं असतं. त्यापेक्षा मला खोटं बोलणं सोपं वाटलं. आज लिहिताना हे पहिल्यांदा दिसतं आहे.

प्रज्ञानं माफ केलं नाही. ती म्हणाली, "मले आजीचा आवाज कधी ऐकायले नाई भेटला. आता नाईच भेटणार, एवढं तरी माहीत झालं." मग तिनं विचारलं, गाडी लावतो म्हणायच्या आधी बाबांचं नेमकं शेवटचं वाक्य काय होतं. मी सांगितलं, "गाणी कोणाले पाह्यजे बे?" तिनं ते स्वतःशी एकदा म्हटलं. तुझ्यासारखंच म्हणते, शेवटचा 'बे' जरा ओढून. आणि मग ती रडली, माझ्याकडे पाठ करून. मी हात पुढं केला नाही. तो हक्क मला नव्हता.

जाताना तिनं कॅसेट परत दिली नाही. मी मागितली नाही. ती फक्त म्हणाली, "काकूले माहीत आहे?"

मी मान हलवली. नाही.

"त्या तं दरवर्षी शोधत," ती म्हणाली आणि आत गेली.

*

तेव्हापासून हे लिहितो आहे. दुकानात, गिऱ्हाईक नसताना, बिलांच्या कोऱ्या बाजूंवर. बोलता येत नाही म्हणून लिहितो, असं मी समजत होतो. पण लिहिणं हीसुद्धा माझी जुनीच युक्ती आहे, समोर न बसण्याची. तुझ्यासमोर बसायचं आता राहून गेलं. ती वेळ गेली आणि ती परत आणून देणारा माणूस नागपुरातही नसेल. मला अजून मधेच वाटतं की तू गाडीच लावतो आहेस. जागा मिळत नाही आहे. एवढंच.

तुझ्या आठवणीत हे पेपरात छापायला द्यायचं मनात आहे, तर आधी घरात वाचायला हवं. सगळ्या लोकांसोबत, पेपर उघडून शोभाला कळावं, एवढा मी वाईट माणूस व्हायला नको.

आत्ता संध्याकाळ आहे. ती स्वयंपाकघरात आहे. मी दारात जाऊन म्हणालो, "शोभा, गॅस बंद कर. बस जरा."

ती वळली. माझ्या हातातले कागद पाहिले. "काय आहे?"

"हेमराजवर लिहिलं आहे. तुले वाचून दाखवतो."

तिचे डोळे लगेच भरून आले. तुझ्यावरचं काहीतरी गोड असणार, असं तिला वाटलं. तिनं गॅस बंद केला, हात पदराला पुसले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"वाचा," म्हणाली. "आन् मोठ्यानं वाचा. तुमचा आवाजच येत नाई."